पोलिश ‘मोत्स’ कसा समजून घ्यावा: शक्तीपासून शक्यतेपर्यंत

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात आले त्या पहिल्याच आठवड्यात पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली घेतली. उलटी करून बघितली तर तळाच्या पट्टीवर छापलेलं: मोत्स २२०० डब्ल्यू. म्हणजे वॅट, इतकं कळलं. दोन दिवसांनी औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या तर काउंटरपलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘याका मोत्स?’ महिनाअखेरीस विजेचं बिल आलं, त्यात एका रकमेपुढे ‘ओप्वाता मोत्सोवा’. आणि वाढदिवसाला ऑफिसातल्या मंडळींनी जे कार्ड दिलं त्यावर ‘मोत्स झिचेन्य’. शब्दकोश उघडला. अर्थ एका शब्दात दिलेला: शक्ती. चारपैकी किटलीला तो कसाबसा लागू पडला, बाकी तिन्ही ठिकाणी नाही.

आता दर रविवारी नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना मी पोलिश शिकवते, आणि सुरुवात या शब्दापासून करते. किटली, कायदा, दवाखाना, गणित, ऑफिसातली बैठक, सगळीकडे तो भेटतो. शिवाय मराठी माणसाला तो समजायला इंग्रजीची मदत घ्यावी लागत नाही. उलट इंग्रजीतून गेलात तर चुकाल. आपल्याच भाषेत त्याची जुळी रचना बसलेली आहे. पायरी पायरीने घेऊ.

पायरी १: आधी उच्चार, कारण इथली चूक महागात पडते

शब्द रोमन लिपीत तीन अक्षरांचा: एम, ओ, सी. पोलिशमधला एकटा ‘सी’ म्हणजे आपल्या काच, टाच, चोर, चूल यांतला च. मराठीत हा दाताजवळचा च रोज वापरात असल्यामुळे तो वेगळा शिकायची गरज नाही. ‘पोच पावती’तला ‘पोच’ म्हणा, प काढून म घाला, झाला मोत्स. फक्त ओ लांबवू नका. तोंड जरा जास्त उघडून, आखूड ठेवा. पहिल्या दिवशी सगळेच ‘दोब्रानोत्स’ म्हणजे शुभ रात्री शिकतात. त्यातला ‘नोत्स’ (रात्र) आणि आपला ‘मोत्स’ यांचं यमक जुळलं पाहिजे.

आता दुसरा च. पोलिशमध्ये ‘सी’ला ‘झेड’ जोडला की चहा, चार यांतला च होतो. आणि त्या चने संपणारा ‘मोच’ हाही पोलिशमध्ये शब्द आहे. त्याचा अर्थ लघवी. रक्तलघवी तपासायला गेलात की कागदावर ‘बादान्ये मोचू’ लिहिलेलं असतं, ते हेच. म्हणजे इंजिनाची ताकद विचारताना च बदलला तर भलतंच काही विचारून बसाल. चार आणि चारा हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा, जीभ कुठे टेकते ते बघा. ‘चारा’तला तो मोत्सचा.

तिसरा शब्दही आत्ताच ऐकून ठेवा. ओच्या डोक्यावर तिरकी रेघ असली की पोलिशमध्ये त्याचा उच्चार उ होतो. म्हणून रेघेचा शब्द ‘मुत्स’. तो क्रियापद आहे, आणि सगळी किल्ली त्याच्याकडे आहे.

पायरी २: ‘शकणे’ धरा, ‘शक्ती’ आपोआप येईल

मुत्स म्हणजे शकणे. मोत्स हे त्याचंच नाम. एवढं एक वाक्य पाठ झालं की अर्धं काम झालं.

मराठीत काय आहे ते बघा. संस्कृत ‘शक्’ धातूपासून शक्ती आली, शक्य आला, शक्यता, अशक्य, अशक्त, सशक्त आले, आणि रोजच्या बोलण्यातलं ‘मी येऊ शकते’ही तिथलंच. आपण जेव्हा ‘शक्यता आहे’ म्हणतो तेव्हा आत शक्ती दडलेली आहे हे मनात येत नाही, पण ती आहे. पोलिशमध्ये हेच कुटुंब मुत्सभोवती जमलंय. मोत्स म्हणजे शक्ती, मोझ्लिवी म्हणजे शक्य, न्येमोझ्लिवी म्हणजे अशक्य, मोझ्लिवोश्च म्हणजे शक्यता. आणि ‘मोझे’ म्हणजे ‘तो/ती/ते शकतं’, पण सुटं उच्चारलं की ‘कदाचित’. दोन्ही भाषांमध्ये ताकद आणि संभव एकाच मुळावर वाढलेत. म्हणून मोत्सचा अर्थ लावताना ‘शक्ती’ या शब्दाला चिकटून बसू नका. ‘काय करू शकण्याबद्दल बोलणं चाललंय?’ हा प्रश्न विचारा.

क्रियापद असं चालतं: मोगे (मी शकते), मोझेश (तू शकतोस), मोझे (तो, ती), मोझेमी (आम्ही), मोझेच्ये (तुम्ही सगळे), मोगों (ते). इथला झ आपला नाही. ‘श’ म्हणता म्हणता घशातून आवाज काढलात की तो येतो. ‘न्ये मोगे’ तर दिवसातून दहा वेळा लागेल. त्याचा खरा मराठी अर्थ ‘मला जमणार नाही’.

मोगेमध्ये ग आणि मोत्समध्ये त्स कसा, असा प्रश्न दर तुकडीत एक जण विचारतोच, आणि तो योग्य प्रश्न आहे. जुन्या स्लाविक भाषेत मूळ ‘मोग्’. त्याला ‘त’ने सुरू होणारा प्रत्यय लागला, आणि ग-त ही जोडी पोलिशमध्ये येता येता त्स झाली. क-त जोडीचंही तेच झालं. रात्रीचा ‘नोत्स’ त्याच वाटेने आला, आणि त्याचा सख्खा नातलग आपल्याकडे आहे: दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते ‘नक्त’ व्रत. तिथे क-त अजून जसाच्या तसा टिकून आहे.

पायरी ३: मोत्सच्या शेजारी कोण बसलंय ते बघा

ही पायरी सर्वात मोठी, कारण व्यवहार इथे आहे. मोत्स एकटा क्वचित येतो. शेजारी आकडा, एकक किंवा दुसरं नाम असतं, आणि मराठी शब्द त्या शेजाऱ्यावरून ठरतो.

शेजारी वॅट किंवा किलोवॅट असेल तर तो विज्ञानाच्या पुस्तकातला ‘शक्ती’, म्हणजे कार्य करण्याचा दर. घरी मात्र आपण ‘किती वॅटचा?’ एवढंच विचारतो, तसंच समजा.

गाडीची जाहिरात असेल तर ‘मोत्स शिल्निका’, म्हणजे इंजिनाची ताकद. इथे एक खड्डा आहे. आकड्यापुढे ‘केएम’ लिहितात. आपला माणूस १५० केएम वाचून दीडशे किलोमीटर समजतो आणि गाडी फारच कमी चाललेली दिसते म्हणून खूश होतो. ते ‘कोन्य मेहानिच्नी’ आहे, शब्दशः यांत्रिक घोडा. आपण ज्याला अश्वशक्ती म्हणतो ती. पण ही युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती, ७३५.५ वॅटची, ब्रिटिश मापातली ७४६ वॅटची नव्हे. १५० केएम म्हणजे सुमारे ११० किलोवॅट. गाडीच्या नोंदणीपत्रात पी.२ या रकान्यात हा आकडा किलोवॅटमध्ये असतो. जाहिरातीतला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

औषधाच्या दुकानात ‘याका मोत्स?’ विचारलं तर शेजारी मिलिग्रॅम आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडचा औषधवाला ‘पाचशेची देऊ की साडेसहाशेची?’ विचारतो, तोच हा प्रश्न. एका गोळीत औषध किती, एवढंच त्यांना हवं असतं. ८ जानेवारी २०२० पासून पोलंडमध्ये डॉक्टरांनी इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी देणं सक्तीचं झालं. चिठ्ठीचा छापील कागद मागून घेतलात तर औषधाच्या नावाजवळ किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. तो आकडा बोटाने दाखवलात तरी काम होतं, पण ‘प्येंचसेत’ म्हणजे पाचशे इतकं म्हणायला शिकाच. चष्म्याच्या दुकानात किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच्या डबीवर मोत्स दिसला तर तो चष्म्याचा नंबर.

चहा-कॉफीला विशेषण लागतं: ‘मोत्स्ना हेर्बाता’, कडक चहा. शब्दकोश ‘शक्तिशाली चहा’ सांगेल. त्याचं ऐकू नका. क्रियाविशेषण ‘मोत्स्नो’ असंच शेजारी बघून वळतं. दुखतंय मोत्स्नो म्हणजे जोरात दुखतंय, झोपलाय मोत्स्नो म्हणजे गाढ झोपलाय, धर मोत्स्नो म्हणजे घट्ट धर. नोकरीच्या मुलाखतीत ‘मोत्स्ने स्त्रोनी’ विचारतात, म्हणजे तुमच्या जमेच्या बाजू.

ऑफिसात, विशेषतः आयटीत, अनेकवचन ऐकू येतं: ‘न्ये मामी मोत्सी प्शेरोबोविख’. आमच्याकडे तेवढं काम उचलायची क्षमता नाही. हा शब्द कारखान्यातला, कच्चा माल किती हाताळता येईल ते सांगणारा. आता तो माणसांच्या हातातल्या वेळाला लागतो. संगणकाची गणनक्षमता ती ‘मोत्स ओब्लिचेन्योवा’.

आता विजेचं बिल, कारण ‘शकणं’ म्हणजे काय ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. बिलात किलोवॅट-तासांचा हिशोब असतो, ती ऊर्जा, ‘एनेर्ग्या’, प्रत्यक्ष वापरलेली. करारात ‘मोत्स उमोव्ना’ असते, किलोवॅटमध्ये. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असतो ना, तिचा अर्थ जवळपास तोच. तुम्ही वापरा किंवा न वापरा, एका वेळी तेवढा भार ओढण्याची मुभा. आणि मग ती ‘ओप्वाता मोत्सोवा’, म्हणजे क्षमतेचं शुल्क. जानेवारी २०२१ पासून ही रक्कम बिलात येऊ लागली. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने पोलंडमध्ये ‘रिनेक मोत्सी’, म्हणजे क्षमतेचा बाजार, उभा केला. त्यात वीजकेंद्रांना केवळ तयार राहण्याचे पैसे मिळतात. मागणी अचानक वाढली तर आम्ही वीज देऊ शकू, एवढ्या हमीचे. ऑगस्ट २०१५ मधल्या उष्णतेच्या लाटेत पोलंडमध्ये विजेची एवढी ओढाताण झाली की मोठ्या कारखान्यांच्या वापरावर निर्बंध घालावे लागले होते. लोडशेडिंग काढलेल्या मराठी माणसाला ती भीती समजावून सांगावी लागत नाही. म्हणजे त्या ओळीत तुम्ही विजेचे पैसे देत नाही. वीज देता येण्याचे देता. मोत्स या शब्दाचा गाभा मला त्या बिलावर पहिल्यांदा दिसला.

उलट, घरातली वीज गेली तर मोत्स अजिबात म्हणू नका. इंग्रजीतून विचार करणारे इथे हमखास अडकतात. पोलिश माणूस म्हणतो ‘न्ये मा प्रोंदू’, शब्दशः प्रवाह नाही. आपण ‘लाईट गेली’ म्हणतो, इतकाच साधा मामला.

पायरी ४: ‘खूप’ या अर्थाचा मोत्स

मोत्सच्या पुढे नाम षष्ठीत आलं, आणि ते मोजण्याच्या किंवा अनुभवण्याच्या गोष्टीचं असलं, तर अर्थ ‘भरपूर’. कार्डावरचं ‘मोत्स झिचेन्य’ म्हणजे अनेक अनेक शुभेच्छा. पत्राच्या शेवटी ‘मोत्स उश्चिस्कुफ’, म्हणजे खूप खूप मिठ्या. जत्रेच्या पोस्टरवरही सापडेल. रोजच्या बोलण्यात मात्र ‘दुझो’ म्हणा. या अर्थाने मोत्स थोडा सणासुदीचा शब्द आहे, बाजारात बटाटे घेताना शोभत नाही.

पायरी ५: कागदपत्रं

परदेशात राहणाऱ्याला खरी गरज इथे पडते. सरकारी कागदात मोत्स दिसला तर मनात महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाची भाषा आणा, ती थेट जुळते.

‘ना मोत्सी’ आणि पुढे कायद्याचं नाव म्हणजे ‘अन्वये’. ‘झ मोत्सों फ्स्तेचनों’ म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने. ‘झ मोत्सी प्रावा’ म्हणजे कोणी अर्ज न करता, कायद्यानेच. वरच्या न्यायालयाने निकाल ‘उत्शिमाच व मोत्सी’ केला तर तो कायम ठेवला. एखादा नियम ‘त्राची मोत्स’ झाला तर त्याचा अंमल संपला. या सगळ्यात ‘शक्ती’ हा शब्द मराठीत एकदाही येत नाही, पण विचार तोच आहे: हा कागद काही घडवू शकतो की नाही.

वर्तमानपत्र वाचताना ‘प्रावोमोत्स्नी’ या विशेषणावर थांबा. प्रावो म्हणजे कायदा. प्रावोमोत्स्नी निकाल म्हणजे अपिलाची वाट संपलेला, अंतिम. बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा ‘न्येप्रावोमोत्स्नी’ असतं, सुरुवातीला फक्त एक ‘न्ये’. म्हणजे निकाल लागलाय, पण अजून अपील होऊ शकतं. हे ‘न्ये’ नजरेतून सुटलं तर सगळी बातमी उलटी वाचली जाते. मी विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रात त्याला लाल पेनाने गोल करायला लावते.

दुसरा लांबलचक शब्द ‘पेवनोमोत्स्नित्स्त्फो’. घाबरू नका, फोडून वाचा. पेवनी म्हणजे पूर्ण, मग मोत्स, मग शेपटी. हे मुखत्यारपत्र. तुमच्या वतीने दुसरा माणूस कार्यालयात जाऊन सही करू शकेल असा कागद. त्याचे प्रकारही आपल्यासारखेच: सर्वसाधारण ते ‘ओगुल्ने’, म्हणजे आपलं कुलमुखत्यारपत्र, आणि एकाच कामापुरतं ते ‘श्चेगुल्ने’. सरकारी कार्यालयात असं पत्र दाखल करताना १७ झ्वोती शुल्क असतं. नवरा-बायको, आईवडील, मुलं किंवा सख्खी भावंडं यांना दिलेलं असेल तर ते लागत नाही. नातं तिथे स्पष्ट लिहायला विसरू नका.

वैयक्तिक बोलण्यातही हाच धागा आहे. ‘तो न्ये येस्त व मोयेय मोत्सी’, हे माझ्या हातात नाही. ‘झ्रोब्ये फ्शिस्त्को, त्सो व मोयेय मोत्सी’, माझ्याकडून होईल ते सगळं करीन. खिडकीपलीकडचा कर्मचारी पहिलं वाक्य बोलला तर वाद घालू नका. त्याला तो अधिकार नाही असं तो सांगतोय. तो अधिकार कोणाला आहे एवढं विचारा.

पायरी ६: मोत्सच्या भावंडांशी गल्लत करू नका

चार शब्द मोत्सच्या अगदी जवळ उभे असतात.

‘शिवा’ हा पहिला. लिहिताना एसपासून सुरू होतो, मधल्या एलवर आडवी रेघ असते आणि तिचा उच्चार व होतो, त्यामुळे आपल्या कानाला अगदी ओळखीचा वाटतो. शिवा म्हणजे बळ, प्रत्यक्ष लावलेला जोर. पदार्थविज्ञानात न्यूटनमध्ये मोजतात ते बल हेच. शिल्नी म्हणजे बलवान माणूस, शिल्निक म्हणजे इंजिन, शिवोव्न्या म्हणजे व्यायामशाळा. ओझं उचलताना दिसते ती शिवा. उचलता येईल की नाही, आणि किती झटकन, तो मोत्सचा प्रांत.

‘व्वाद्झा’ म्हणजे सत्ता. पोलंडची सध्याची राज्यघटना २ एप्रिल १९९७ ची. तिच्या कलम ४ मध्ये सर्वोच्च सत्ता राष्ट्राची आहे असं म्हटलंय, तिथे शब्द व्वाद्झा. कलम १० मध्ये कायदे करणारी, अंमल करणारी आणि न्याय देणारी अशा तीन सत्ता वेगळ्या केल्या, तिथेही व्वाद्झा. पण कलम १९० मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाचे निर्णय सर्वांवर बंधनकारक असतात असं सांगायचं होतं, तिथे मात्र मोत्स. एकाच दस्तऐवजात फरक किती नेमका आहे बघा: सत्ता कोणाच्या तरी हाती असते, मोत्स निर्णयातच असते. अनेकवचनी ‘व्वाद्झे’ म्हणजे प्रशासन, अधिकारी मंडळी.

‘पोतेंगा’ म्हणजे मोठं, भारून टाकणारं सामर्थ्य. आर्थिक महासत्तेला तो लागतो. (राजकीय महासत्तेला मोत्सपासूनच झालेला ‘मोत्सार्स्त्फो’ही आहे.) गणितात पोतेंगा म्हणजे घात: दोनचा तिसरा घात हा ‘द्वा दो पोतेंगी त्शेच्येय’. गणिताच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा जास्त सावध राहायचं, कारण गणितात मोत्सही आहे आणि त्याचा अर्थ वेगळा. ‘मोत्स झ्ब्योरू’ म्हणजे संचातल्या घटकांची संख्या, अनंत संचांनाही लागू होणारी. वॉर्सात १९२० साली ‘फुंदामेन्ता मातेमातिचे’ हे नियतकालिक निघालं तेव्हापासून संचशास्त्र हा पोलिश गणिताचा बालेकिल्ला आहे, वात्स्वाव शेर्पिन्स्की त्यातलं मोठं नाव, त्यामुळे हा शब्द तिथल्या पहिल्या वर्षाच्या वर्गातच आदळतो. एन घटकांच्या संचाचे उपसंच किती? त्या सगळ्या उपसंचांच्या संचाची, म्हणजे घातसंचाची, मोत्स म्हणजे दोनची एनवी पोतेंगा. एका वाक्यात दोन्ही शब्द आले, आणि अदलाबदल केली तर वाक्य कोसळतं.

‘पोतेन्त्स्याव’ लॅटिनमधून आलेला, कळायला सोपा. विजेचा विभव, किंवा माणसातली, गावातली अजून न उमललेली क्षमता. तुमच्या मुलात पोतेन्त्स्याव आहे असं शिक्षक म्हणतील. मोत्सशी फरक एवढाच की मोत्स आत्ता, या क्षणी तयार असते. पोतेन्त्स्यावला अजून वेळ आणि मेहनत लागायची असते.

पायरी ७: पुढे लागलेले उपसर्ग

उपसर्ग बदलला की त्याच शक्तीची दिशा बदलते. ‘न्ये’ लागला की न्येमोत्स, अशक्तपणा, हतबलता. ‘प्शे’ लागला की प्शेमोत्स, मर्यादा ओलांडलेली शक्ती, म्हणजे हिंसा; ‘प्शेमोत्स दोमोवा’ ही घरगुती हिंसा. दवाखान्यात, शाळेत, पोलीस चौकीत भिंतीवरच्या पत्रकांवर हे दोन शब्द दिसतात, आणि ते ओळखता यायलाच हवेत. ‘फ्शेख’ लागला की सर्वव्यापी: चर्चमध्ये देवाला फ्शेखमोगोंत्सी म्हणतात, सगळं करू शकणारा. आपला ‘सर्वशक्तिमान’ अगदी याच घडणीचा.

आणि ‘पो’ लागला की पोमोत्स. मदत. दुसऱ्याच्या कामी आलेली शक्ती असं मी वर्गात सांगते. क्रियापद ‘पोमुत्स’, पुन्हा उ. जानेवारी १९७१ मध्ये सत्तेवर नुकतेच आलेले पोलिश कम्युनिस्ट नेते एडवर्ड गिएरेक ग्दान्स्कच्या कामगारांसमोर गेले. ‘पोमोझेच्ये?’, म्हणजे मदत कराल ना, हा त्यांचा प्रश्न पोलंडमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे. विद्यार्थ्यांसाठी अजून एक: ‘झापोमोगा’. तात्पुरत्या अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ एकरकमी देतं ती आर्थिक मदत. नोटीस बोर्डावर हा शब्द दिसला तर पुढे वाचा.

पोमोत्स शिकवताना मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याबद्दल बोलते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. वॉर्सात कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे. तिथे मराठी माणसाने पोमोत्स हा शब्द उच्चारला की समोरचे वयस्कर लोक पटकन वळिवड्याचं नाव काढतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी ८: विभक्ती

ही पायरी लहान, कारण मोत्स चालवायला सोपा आहे. स्त्रीलिंगी. एकवचनात तीनच रूपं: कर्ता आणि कर्म दोन्हीला मोत्स, ‘ने’ या अर्थाला मोत्सों, बाकी सगळीकडे मोत्सी. अनेकवचनात मोत्से, मोत्सी, मोत्सोम, मोत्सामी, मोत्साख. शेवटची ई आपली पूर्ण ई नाही. जीभ थोडी मागे ओढून म्हणा.

पायरी ९: हातात कागद घेऊन सराव

एका रविवारी हे करा. घरातल्या पाच वस्तू उलट्या करा, जिथे मोत्स लिहिलंय तिथला आकडा आणि एकक वहीत उतरवा. विजेच्या बिलावर मोत्सपासून झालेला प्रत्येक शब्द शोधा आणि पुढे मराठीत लिहा: भार, क्षमता, की आणखी काही. एक स्थानिक बातमी घ्या, त्यात प्रावोमोत्स्नी आहे का बघा, आणि असल्यास आधी ‘न्ये’ आहे का ते बघा. प्रत्येक वेळी ‘शक्ती’ हा शब्द वहीत लिहायची स्वतःला बंदी घाला. जिथे दुसरा शब्द सापडतच नाही तिथेच तो लिहा. माझ्या मागच्या तुकडीत एका मुलीच्या वहीत चौदा नोंदींपैकी ‘शक्ती’ फक्त एकदा आला, मिक्सरपुढे. बाकी ठिकाणी तिने नंबर, भार, अन्वये, कडक, घट्ट, हातात, अंतिम, मुखत्यार असे शब्द लिहिले होते. प्रत्येक बरोबर होता.

शेवटचा सराव तोंडी आहे, आणि तो मी कोणाला टाळू देत नाही. संकटात पोलिश माणूस ‘पोमोत्स’ असं ओरडत नाही. तो षष्ठीतलं रूप वापरतो: ‘पोमोत्सी!’ जोर मधल्या ‘मो’वर, त्स ‘चारा’तला, शेवट आखूड. रस्त्यात कोणी पडलं, कोणी मागे लागलं, आग लागली, तर हा एक शब्द मोठ्याने ओरडा आणि मग ११२ वर फोन लावा. घरी सगळ्यांना, लहान मुलांना आणि भेटीला आलेल्या आईवडिलांनाही, तो दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावा.